संसाधन-नियोजन (वितरित संगणन प्रणालींतील)

जाळ्याने जोडलेल्या हजारो संगणकांवर कोणते काम कुठे, केव्हा आणि किती प्रोसेसर व मेमरी देऊन चालवायचे, हे ठरवण्याची पद्धत. हे ठरवणारी प्रणाली म्हणजे शेड्युलर.

यंत्रे आणि कामे वाढली की सर्वोत्तम मांडणी शोधण्याचे गणित आवाक्याबाहेर जाते. त्यामुळे मोठा शेड्युलर सर्वोत्तम जागेच्या मागे लागत नाही. कामापुरती बरी जागा मिळाली की तिथे थांबतो. गूगलची अंतर्गत कामे हजारो यंत्रांवर वाटणाऱ्या ‘बोर्ग’ या प्रणालीवरील २०१५ च्या शोधनिबंधात याचा बोलका पुरावा आहे. बोर्गच्या मध्यम आकाराच्या एका ‘सेल’मध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रसमूहात, तेव्हा सुमारे १०,००० यंत्रे असत. सेलमधली सगळी कामे नव्याने मांडायला काही शे सेकंद पुरत. मात्र यादृच्छिक क्रमाने मोजकीच यंत्रे तपासणे, सारख्या कामांचा एकदाच विचार करणे आणि कुठले यंत्र कामाला किती योग्य याचे काढलेले गुण साठवून ठेवणे या युक्त्या बंद केल्यावर तीन दिवस उलटूनही मांडणी पुरी झाली नाही.

निर्णय एकानेच घ्यावा की अनेकांनी, यावर मतभेद आहेत. प्रचंड माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या ‘हडूप’ या प्रणालीच्या पहिल्या पिढीत सगळा भार ‘जॉबट्रॅकर’ या एकट्या घटकावर होता आणि सुमारे ४,००० यंत्रांपाशी तो थकला, पुढच्या पिढीतल्या ‘यार्न’ने ते काम विभागले. ‘मेसॉस’ (२०११) हा शेड्युलर मोकळी संसाधने देऊ करतो, ती घ्यायची की नाही हे त्याच्यावर चालणारी प्रणाली ठरवते. गूगलच्याच ‘ओमेगा’त (२०१३) अनेक शेड्युलर एकच चित्र पाहून निर्णय घेतात, दोघांनी एकच जागा धरली, तर एकाला पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

खरी बचत होते ती वेगवेगळ्या स्वभावाची कामे एकाच यंत्रावर नांदवण्यात. इंदूरकरांना हे सराफ्यावरून कळेल: सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या गाड्या लागतात. सराफ्यात ही अदलाबदल घड्याळावर होते, क्लस्टरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या समूहात, क्षणाक्षणाला. तातडीचे काम आले की कमी प्राधान्याचे काम सरळ थांबवून तिथून हटवले जाते. या दोन्ही प्रकारच्या कामांना वेगळी यंत्रे दिली असती, तर बोर्गच्या मध्यम सेलला २० ते ३० टक्के यंत्रे जास्त लागली असती.

वापरणारे मात्र गरजेपेक्षा जास्त मागून ठेवतात, आणि यात कुठल्याही गावची टीम अपवाद नाही. बोर्ग ही पडून राहिलेली मेमरी आणि प्रोसेसर परत घेऊन दुय्यम कामांना देतो. २०१५ च्या त्याच निबंधानुसार मध्यम सेलमधले सुमारे २० टक्के काम अशा उसन्या जागेवर चाले. बोर्गच्याच अनुभवातून २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ‘कुबरनेटीस’ या सर्वांसाठी खुल्या प्रणालीचा मूळ शेड्युलर जागा शोधताना मागणीचा आकडा (‘रिक्वेस्ट’) पाहतो, प्रत्यक्ष वापर नाही. म्हणून इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत काय किंवा पुण्यात काय, नोड (क्लस्टरमधले यंत्र) निम्मा रिकामा दिसत असतानाही ‘पॉड पेंडिंगमध्ये अडकलाय’, म्हणजे कामाचा एक गठ्ठा जागेची वाट पाहत थांबलाय, अशी तक्रार येते. अशा वेळी नवा नोड मागण्याआधी जुन्या पॉडांच्या ‘रिक्वेस्ट’ तपासाव्यात.