पॉवर बीआय रिपोर्ट कोणाला दाखवायचा आणि त्यासाठी कोणते लायसन्स घ्यायचे
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पुणे)

पॉवर बीआय हे डेटावरून रिपोर्ट बनवून दाखवायचे मायक्रोसॉफ्टचे साधन आहे. त्यातला रिपोर्ट दुसऱ्याच्या स्क्रीनवर उघडायचा तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. त्या माणसाकडे योग्य लायसन्स हवे आणि त्या रिपोर्टची परवानगी हवी. लायसन्स मायक्रोसॉफ्टकडून विकत घ्यायचे असते, परवानगी तुम्ही स्वतः द्यायची असते. "लिंक पाठवली तरी साहेबांना उघडत नाही" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा यातले एकच काम झालेले असते. भोसरी-चाकणचा कारखाना असो की मार्केट यार्डातली पेढी, घोळ इथेच होतो. वार्षिक करारावर घेतलेली लायसन्स वर्षाच्या मधे कमी करता येत नाहीत, म्हणून ऑर्डर देण्याआधी हे पत्रक वाचून घ्या.

लायसन्सचे प्रकार

पॉवर बीआय डेस्कटॉप हे रिपोर्ट बनवायचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते फक्त विंडोजवर चालते. खर्च सुरू होतो तो रिपोर्ट इतरांना दाखवायची वेळ आल्यावर.

वर्कस्पेस म्हणजे रिपोर्ट ठेवायची ऑनलाइन जागा. फ्री लायसन्सवर माणूस स्वतःच्या 'माय वर्कस्पेस'मध्ये काम करू शकतो, पण इतरांना रिपोर्ट देऊ शकत नाही. साध्या (म्हणजे पुढे दिलेल्या पीपीयूवर किंवा कपॅसिटीवर नसलेल्या) वर्कस्पेसमधला इतरांचा रिपोर्टही त्याला पाहता येत नाही.

प्रो लायसन्स माणशी असते. १ एप्रिल २०२५ पासून त्याचा यादीतला दर महिन्याला १० डॉलरवरून १४ डॉलर झाला. भारतातला रुपयांतला दर वेगळा असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे कोटेशन रुपयांतच मागा. साध्या वर्कस्पेसमधल्या रिपोर्टसाठी देणारा आणि पाहणारा दोघांनाही प्रो लागते. "आमचे मॅनेजर फक्त बघतात, काही बनवत नाहीत, मग त्यांना कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, पण बघण्यासाठीही ते लागतेच. मायक्रोसॉफ्ट ३६५ ई५ घेतलेल्यांना प्रो त्यातच मिळते. ई३ किंवा बिझनेस प्रीमियममध्ये ते नसते. ऑर्डर देताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो.

प्रीमियम पर यूजर म्हणजे पीपीयूचा दर त्याच तारखेपासून २४ डॉलर आहे. प्रोमध्ये एका डेटा मॉडेलला (रिपोर्टमागच्या एकमेकांना जोडलेल्या टेबलांना) १ जीबीची मर्यादा आहे आणि दिवसात ८ वेळा ठरावीक रिफ्रेश (डेटा ताजा करणे) मिळतो. पीपीयूत मॉडेल १०० जीबीपर्यंत जाते आणि रिफ्रेश ४८ वेळा मिळतो. मात्र पीपीयू वर्कस्पेसमधला रिपोर्ट पाहायलाही पीपीयूच लागते. डेटा वाढला म्हणून कोणी वर्कस्पेस पीपीयूवर नेते आणि दुसऱ्या दिवशी सगळे प्रोवाले बाहेर पडतात. वर्कस्पेस हलवण्याआधी त्याचे वाचक मोजून घ्या.

चौथा मार्ग कपॅसिटीचा. यात माणसांऐवजी सर्व्हरची ताकद भाड्याने घेतली जाते. मायक्रोसॉफ्टच्या फॅब्रिक या डेटा सेवेची कपॅसिटी एफ २ या सर्वांत लहान आकारापासून सुरू होते, पण एफ ६४ आणि त्यावरच्या कपॅसिटीतलाच रिपोर्ट फ्री लायसन्सवाल्याला पाहता येतो. एफ २ ते एफ ३२ पर्यंत प्रत्येक वाचकाला प्रो लागतेच. "फॅब्रिक घेतले की वाचक फुकट" असे कोणी सांगितले तर कोणते एफ, एवढे विचारा. शिवाय एफ ६४ घेतले तरी त्यात रिपोर्ट पब्लिश करणाऱ्यांना प्रो लागते.

आता हिशेब. दोन जण रिपोर्ट बनवतात आणि १८ जण पाहतात, अशा कारखान्याला २० प्रो म्हणजे यादीच्या दराने महिना २८० डॉलर पडतात. एफ ६४ एक वर्षाच्या आरक्षणावर अमेरिकेतल्या दराने महिना सुमारे ५,००० डॉलरच्या घरात जाते. म्हणजे साधारण ३५० वाचकांच्या खाली फक्त वाचकांसाठी एफ ६४ घेणे परवडत नाही. पुण्यातल्या लहान-मध्यम उद्योगांनी प्रोवरच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक आयडी, दहा माणसे

'शॉपफ्लोअर' किंवा 'एमआयएस' नावाने एक प्रो आयडी काढायचा आणि पासवर्ड सगळ्यांना द्यायचा, ही पद्धत सर्रास दिसते. ती करू नका. लायसन्स नावावर असलेल्या एका माणसासाठी असते, म्हणून हा करारभंग आहे. पण रोजच्या कामातले नुकसान त्याहून मोठे आहे. साइन-इनचा कोड एकाच फोनवर येतो, आणि तो फोनवाला रजेवर गेला की सगळे अडतात. कोणी काय पाहिले, काय डाउनलोड केले, हे कळायचा मार्ग राहत नाही. आणि ज्याला त्याला आपापल्या विभागाचेच आकडे दिसावेत अशी सोय करताच येत नाही, कारण पॉवर बीआयच्या लेखी ती दहा माणसे एकच आहेत.

पीबीआयएक्स फाइल (डेस्कटॉपमध्ये बनवलेल्या रिपोर्टची फाइल) ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवणेही तितकेच धोक्याचे आहे. डेटा इम्पोर्ट केलेला असेल तर त्या फाइलबरोबर सगळा डेटा जातो. लपवलेले कॉलम आणि न दाखवलेली टेबलेसुद्धा त्यात असतात. फाइल हाती आलेला माणूस ती डेस्कटॉपमध्ये उघडून तुम्ही लावलेले नियम काढू शकतो.

कंपनीतल्या लोकांना देताना

रिपोर्ट माय वर्कस्पेसमध्ये ठेवू नका. बनवणारा नोकरी सोडून गेला की तो सोडवून घेण्यात दिवस जातात. विभागानुसार वर्कस्पेस करा आणि प्रत्येकाला किमान दोन ॲडमिन ठेवा.

वर्कस्पेसमध्ये चार भूमिका असतात: ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्यूटर आणि व्ह्यूअर. वाचकांना फक्त व्ह्यूअर करा, त्याहून बरे म्हणजे वर्कस्पेसमध्ये घेऊच नका आणि 'ॲप' (वाचकांसाठी रिपोर्टचा तयार संच) पब्लिश करून द्या. ॲपमध्ये वेगवेगळे ऑडियन्स करता येतात: विक्रीवाल्यांना विक्रीची पाने, स्टोअर्सला साठ्याची. एक गोष्ट ध्यानात असू द्या. डेटा रिफ्रेश झाला की ॲपमध्ये आपोआप दिसतो, पण रिपोर्टमध्ये नवे पान किंवा नवा तक्ता घातला तर 'अपडेट ॲप' दाबेपर्यंत वाचकांना जुनेच दिसते.

एकदोघांना पटकन द्यायचे असेल तर शेअर बटण पुरते. पण त्या खिडकीत दोन खुणा आधीच केलेल्या असतात: पुढे शेअर करू देणे, आणि या डेटावर स्वतःचे काही बनवू देणे. दुसरी खूण तशीच राहिली तर तो माणूस एक्सेलमधून थेट मॉडेलला जोडून घेऊन, रिपोर्टमध्ये न दाखवलेले आकडेही काढू शकतो. दर, मार्जिन, पगार असे काही मॉडेलमध्ये असेल तर दोन्ही खुणा काढा. पान लपवणे किंवा कॉलम लपवणे म्हणजे सुरक्षा नव्हे, ती फक्त मांडणी आहे.

परवानगी माणसांच्या नावाने न देता सिक्युरिटी ग्रुपला (परवानग्यांसाठी केलेल्या खात्यांच्या गटाला) द्या. माणूस बदलला की ग्रुपमध्ये बदल केला, काम झाले.

ज्याचे त्याला: रो लेव्हल सिक्युरिटी (आरएलएस)

कोल्हापूरच्या विक्री अधिकाऱ्याला कोल्हापूरचेच आकडे दिसावेत, यासाठी वेगवेगळे रिपोर्ट करायची गरज नाही. एका टेबलात ईमेल आणि विभाग अशी यादी ठेवा. डेस्कटॉपमध्ये मॉडेलिंग, मग मॅनेज रोल्स उघडून एक रोल करा. त्यात ईमेलचा कॉलम 'यूजर प्रिन्सिपल नेम' (लॉग-इन केलेल्या माणसाचा आयडी देणारे) या फंक्शनबरोबर जुळवा. हा फिल्टर विक्रीच्या टेबलापर्यंत टेबलांमधल्या नात्यांतून पोचतो ना, ते तपासा. पब्लिश केल्यावर वेबवर सिमँटिक मॉडेलच्या (म्हणजे त्याच डेटा मॉडेलच्या) सिक्युरिटीमध्ये जाऊन त्या रोलमध्ये माणसे किंवा सिक्युरिटी ग्रुप घाला. शेवटी 'टेस्ट ॲज रोल'ने पाहा.

बिघडते ते पुढील ठिकाणी. रोलमध्ये माणूस घालायचा राहिला तर त्याला रिपोर्ट उघडतो, पण प्रत्येक चौकटीत एरर येते. एकच माणूस दोन रोलमध्ये असेल तर त्याला दोन्हींचा मिळून डेटा दिसतो, कमी होत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप रोलमध्ये चालत नाही, सिक्युरिटी ग्रुप वापरा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: हा नियम फक्त वाचकांना लागतो. ॲडमिन, मेंबर, काँट्रिब्यूटर यांना सगळा डेटा दिसतो. "आरएलएस लावले तरी सगळ्यांना सगळे दिसते" असे झाले तर आधी भूमिका तपासा. कोणीतरी सोयीसाठी सगळ्यांना मेंबर केलेले सापडेल.

रिफ्रेश आणि गुरुवार

टॅलीचा किंवा एसक्यूएल सर्व्हरचा डेटा ऑफिसातल्या मशिनवर असेल तर डेटा गेटवे (तो डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारे सॉफ्टवेअर) लागतो, आणि ते मशिन सतत चालू लागते. ठरावीक रिफ्रेश लागोपाठ चार वेळा फसला की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकते. पुणे परिसरात बऱ्याचदा गुरुवारी महावितरणच्या देखभालीसाठी वीज बंद राहते. दिवसात आठ रिफ्रेश लावलेल्या कंपनीत गुरुवारी दुपारपर्यंत चार हुकतात, आणि शुक्रवारी वीज असूनही आकडे बुधवारचेच राहतात. गेटवेचे मशिन यूपीएस-जनरेटरच्या लाइनवर ठेवा, किंवा वेळा पहाटे आणि संध्याकाळनंतरच्या ठेवा. रिफ्रेश फसल्याचा मेल दोघांना जाईल असे लावून घ्या.

बाहेरच्यांना देताना

डीलर, सीए, बँक, चाकणचा मोठा ग्राहक अशा बाहेरच्या माणसाला मायक्रोसॉफ्ट एन्ट्रामध्ये (कंपनीची लॉग-इन खाती सांभाळणाऱ्या सेवेत) 'गेस्ट' म्हणून बोलवावे लागते. त्याच्या लायसन्सचे तीन मार्ग आहेत. तुमचे वर्कस्पेस एफ ६४ किंवा त्यावर असेल तर वेगळे लायसन्स लागत नाही. त्याच्या स्वतःच्या कंपनीने त्याला प्रो दिलेले असेल तर तेच तुमच्याकडेही चालते, मोठ्या ग्राहकांकडे ई५ असते तेव्हा तुमचा खर्च शून्य. दोन्ही नसेल तर तुमच्याकडचे एक प्रो त्याला लावावे लागते. जीमेलवाल्या डीलरला गेस्ट करता येते, पण तो स्वतःच्या जीमेलवर प्रो घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी हा तिसराच मार्ग.

क्रम असा ठेवा. पॉवर बीआयच्या ॲडमिन पोर्टलमध्ये गेस्टना प्रवेश देणारी सेटिंग चालू करा, शक्यतो एका ठरावीक सिक्युरिटी ग्रुपपुरती. एन्ट्रामधून आमंत्रण पाठवा आणि समोरच्याने ते स्वीकारले याची खात्री करा, कारण मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेला असतो. गेस्टच्या प्रोफाइलमध्ये 'यूसेज लोकेशन' भारत भरा. ते रिकामे असेल तर लायसन्स लागत नाही. मग लायसन्स, मग ग्रुप, मग ॲपचा ऑडियन्स, मग आरएलएस.

लिंक ॲपमधूनच कॉपी करून पाठवा. गेस्ट नेहमीप्रमाणे पॉवर बीआयच्या मुख्य पानावर गेला तर त्याला त्याच्याच कंपनीची जागा दिसते आणि तुमचा रिपोर्ट तिथे नसतो. तुमच्या कंपनीची ओळख ज्या पत्त्यात आहे तोच पत्ता त्याने बुकमार्क करावा. 'संस्थेतल्या सर्वांसाठी' प्रकारची लिंक गेस्टला चालत नाही, 'ठरावीक लोकांसाठी'ची करा. एकाच ब्राउझरमध्ये दोन खाती उघडी असल्यानेही अडते, त्यासाठी खासगी खिडकीत उघडून पाहावे. सगळे बरोबर असून उघडत नसेल तर समोरच्या कंपनीच्या आयटी विभागाने बाहेर गेस्ट म्हणून जायला बंदी केलेली असू शकते. ते काम त्यांच्याच बाजूने सुटते.

गेस्टसाठी आरएलएस लावताना ईमेल कोणत्या रूपात येतो याचा अंदाज बांधू नका. 'यूजर प्रिन्सिपल नेम' दाखवणारे एक कार्ड असलेले पान करा, गेस्टला उघडायला सांगा, जे दिसेल तेच अक्षर न् अक्षर यादीत घाला.

शेकडो डीलर असतील तर

दोनशे डीलरना प्रत्येकी प्रो देण्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या पोर्टलमध्ये रिपोर्ट बसवणे बरे पडू शकते. याला एम्बेड म्हणतात. डीलर तुमच्या पोर्टलवर लॉग-इन करतो, त्याला पॉवर बीआयचे लायसन्स लागत नाही, तुम्ही ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची ए किंवा फॅब्रिकची एफ कपॅसिटी घेता. इथे एफ २ सुद्धा चालते, फक्त मॉडेलला सुमारे ३ जीबी मेमरीची मर्यादा धरून चला. कपॅसिटी रात्री थांबवून पैसे वाचवता येतात, पण थांबलेली असताना रिपोर्ट उघडत नाही. पोर्टल बनवण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च मात्र वेगळा धरा. प्रोग्रामर हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

'पब्लिश टू वेब'

हे बटण पाहणाऱ्याकडे लायसन्स मागत नाही, म्हणून मोहात पाडते. त्यातून निघालेली लिंक जगात कोणालाही, लॉग-इनशिवाय उघडते आणि आरएलएस त्यावर चालत नाही. सार्वजनिक आकडेवारीसाठी ते उत्तम आहे. ग्राहकांची नावे, दर, उधारी असलेल्या रिपोर्टसाठी कधीही वापरू नका. ॲडमिन पोर्टलमध्ये ते बंद ठेवा आणि 'मॅनेज एम्बेड कोड्स'मध्ये जुने काही चालू राहिले आहे का ते आजच पाहा, असेल तर काढून टाका.

कामगारांचे मोबाइल, पॅन, बँक खाते असा वैयक्तिक तपशील बाहेरच्यांच्या रिपोर्टच्या मॉडेलमध्ये ठेवूच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. लपवण्यापेक्षा पॉवर क्वेरीतच (डेटा आत घेताना तो नीट करायच्या भागातच) तो कॉलम काढून टाका.

दर तिमाहीला, सोयीसाठी जीएसटीच्या कामांबरोबर, गेस्टची यादी काढा. ज्यांचे काम संपले त्यांना ग्रुपमधून काढा, लायसन्स सोडवा आणि मग गेस्ट खाते हटवा. सुटलेले प्रो नव्या माणसाला लावता येते, त्यासाठी नवे विकत घ्यावे लागत नाही. वापराचा अहवाल मागच्या ३० दिवसांचाच मिळतो. महिनाभर ज्याने एकदाही रिपोर्ट उघडला नाही त्याला आधी फोन करून विचारा, कारण कधी कधी त्याला लिंकच उघडत नसते आणि तो कोणाला सांगत नसतो.