अ‍ॅलिस: व्हिक्टोरिया राणीची दुसरी लेक

भारताचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आईची आई म्हणजे राजकन्या अ‍ॅलिस. रशियाची शेवटची सम्राज्ञी अलेक्झांड्रा ही तिचीच मुलगी. त्यामुळे अ‍ॅलिसचं नाव बहुतेक वेळा वंशावळीतच भेटतं. तिचं स्वतःचं आयुष्य मात्र त्याहून कितीतरी मोठं होतं.

जन्म २५ एप्रिल १८४३, लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात. डिसेंबर १८६१ मध्ये वडील, प्रिन्स अल्बर्ट, अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा अठरा वर्षांच्या या मुलीने त्यांची शुश्रूषा केली आणि नंतर शोकाने खचलेल्या आईलाही सांभाळलं. सुतक अजून सरलेलं नव्हतं. १ जुलै १८६२ रोजी ऑस्बोर्न हाउसच्या जेवणाच्या दालनात हेस या जर्मन राज्याचा राजपुत्र लुडविग याच्याशी तिचं लग्न लागलं. हे लग्न आहे की अंत्यविधी, असं खुद्द राणीलाच वाटलं होतं.

सासर होतं हेसची राजधानी डार्मश्टाट. राज्य छोटं, पैशाची सदा ओढाताण. १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध पेटलं. हेस ऑस्ट्रियाच्या बाजूने, तर अ‍ॅलिसची थोरली बहीण व्हिकी प्रशियाच्या युवराजाची पत्नी. नवरा आघाडीवर, स्वतः गरोदर, आणि मेहुणा शत्रूच्या सैन्याचा सेनापती! अशा दिवसांत अ‍ॅलिस जखमी सैनिकांसाठी धडपडत होती, पट्ट्यांसाठी आईकडे जुनं कापड मागत होती. जुलैत जन्मलेल्या मुलीचं नाव तिने इरेन, म्हणजे शांती, ठेवलं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. त्या काळी राजघराण्यातल्या बाईने इस्पितळात रुग्णांजवळ वावरणं आईलाही फारसं रुचत नसे. अ‍ॅलिसने ते मनावर घेतलं नाही. १८६७ मध्ये तिने परिचारिका घडवणारी स्त्रियांची संस्था उभी केली. तीन वर्षांनी फ्रान्सशी युद्ध सुरू झालं, तेव्हा या संस्थेच्या परिचारिका कामी आल्या. तिची खरी ओळख हीच, असं मला ठामपणे वाटतं.

घरात मात्र दुःख थांबेना. धाकटा मुलगा फ्रिटी याला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा आनुवंशिक आजार. मे १८७३ मध्ये तो खिडकीतून पडला आणि आतल्या रक्तस्रावाने गेला. हाच दोष अ‍ॅलिसच्या मुलीमार्फत पुढे रशियाचा युवराज अलेक्सेई याच्यापर्यंत पोचला.

१८७७ मध्ये नवरा ग्रँड ड्यूक, म्हणजे हेसचा राज्यकर्ता, झाला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात घरात घटसर्प शिरला. एलिझाबेथ सोडून सगळी मुलं आणि नवराही आजारी पडला. चार वर्षांची मारी दगावली. अ‍ॅलिसने ही बातमी आजारी मुलांपासून बरेच दिवस दडवून ठेवली. शेवटी मुलगा अर्न्स्टला सांगितलं, तेव्हा त्याचा आकांत पाहून तिने त्याला जवळ घेऊन मुका घेतला. संसर्ग त्यातूनच झाला, असं तेव्हा मानलं गेलं.

१४ डिसेंबर १८७८ रोजी, वडिलांच्या सतराव्या स्मृतिदिनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी अ‍ॅलिस गेली. तिच्या नावाचं रुग्णालय डार्मश्टाटमध्ये आजही चालू आहे.