लॉत नदी

लॉत ही नैर्ऋत्य फ्रान्समधील गारोन नदीची उजव्या तीरावरील एक प्रमुख उपनदी आहे. तिची लांबी सुमारे ४८५ किमी. असून पाणलोट क्षेत्र सुमारे ११,५०० चौ. किमी. आहे. सेवेन पर्वतप्रदेशात, लोझेर जिल्ह्यातील गुले डोंगरावर सुमारे १,३०० मी. उंचीवर ती उगम पावते आणि पश्चिमेकडे वाहत एग्वियाँ येथे गारोनला मिळते. उगम आणि संगम यांच्यातील सरळ अंतर सुमारे २७० किमी.च भरते, बाकीची सगळी लांबी वळणांची आहे. ऑक्सितान या दक्षिण फ्रान्समधील जुन्या भाषेत तिचे नाव ‘ऑल्त’ असून फ्रेंचमध्ये त्याला ‘ल’ हे उपपद चिकटून ‘लॉत’ झाले. सँ-कोम-दॉल्त यांसारख्या गावांच्या नावांत जुने रूप अजून टिकून आहे.

या नदीच्या उपनद्या समजून घ्यायच्या तर आधी खडक पाहावा लागतो. वरच्या टप्प्यात मांद शहराजवळ तिच्या दक्षिणेला चुनखडीची पठारे आहेत, तर उत्तरेला मार्जरीदचा ग्रॅनाइटी आणि ओब्राकचा बेसाल्टी प्रदेश आहे. चुनखडीत पाणी मुरते, पण ग्रॅनाइट व बेसाल्टावरील पाणी पृष्ठभागावरून वाहते, म्हणून मोठ्या उपनद्या मुख्यतः उजवीकडून येतात. ओब्राकच्या उतारावरून खोल घळींतून उतरणाऱ्या ओढ्यांना स्थानिक लोक ‘बोराल्द’ असे खास नाव देतात.

सर्वांत मोठी उपनदी त्रुयेर. मार्जरीदमध्ये उगम पावून ती आंत्रेग येथे लॉतला मिळते आणि तेथे मुख्य नदीपेक्षाही अधिक पाणी आणते. तिच्या अरुंद दऱ्यांत विसाव्या शतकात जलविद्युत धरणांची मालिकाच उभी राहिली. आयफेलच्या कंपनीने १८८०च्या दशकात बांधलेला गाराबीचा लोखंडी रेल्वेपूल याच नदीवर असून त्याच्याखाली आज ग्रांव्हाल धरणाचा जलाशय पसरला आहे. डावीकडून येणारी दुर्दू नदी तांबड्या वालुकाश्माच्या प्रदेशातून वाहते, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की तिचे पाणी लालसर होते. मध्ययुगीन यात्रेकरूंचे कोंक हे मुक्कामाचे गाव तिच्याच खोऱ्यात आहे.

पुढे लॉत केर्सीच्या चुनखडी पठारात शिरते आणि खोऱ्याचे रूप पालटते. येथील पावसाचे बरेचसे पाणी जमिनीत मुरून भुयारी वाटांनी जाते. वर कोरड्या दऱ्या उरतात आणि तळाशी झरे फुटतात. काओर शहराच्या समोरच्या तीरावरील शार्त्रोचा झरा असाच आहे. रोमन काळातील शहराचे दिव्होना हे नाव त्याच्याशी जोडले जाते आणि शहराला आजही तो पाणी पुरवतो. काओर स्वतः नदीच्या एका मोठ्या वेढ्यात वसले असून चौदाव्या शतकातील व्हालांत्रे पूल त्याच वेढ्यावर आहे. उजवीकडून येणारी सेले नदी फिजाक शहरावरून वाहते व बुझियेसजवळ लॉतला मिळते. तिच्या काठी पेश-मेर्ल ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा आहे.

या संगमाजवळून प्रवाहाच्या वरच्या अंगाला, सँ-सिर-लापोपी गावाच्या दिशेने, नौका ओढण्याची एकोणिसाव्या शतकातील वाट आहे. ती नदीकाठच्या सरळसोट कड्यातच कोरून काढली आहे. डोक्यावर खडकाचे छत, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला थेट पाणी, अशा त्या खाचेतून माणसे व जनावरे दोरांनी नौका प्रवाहाविरुद्ध ओढत असत. प्रवाहाबरोबर काओरची वाइन आणि पुढे दकाझव्हीलचा कोळसा बोर्दोकडे जाई. रेल्वे आल्यावर ही वाहतूक थांबली. अलीकडे नौकांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी काही जुनी जलपाश-दारे दुरुस्त करून नदीचे काही टप्पे पर्यटक नौकांसाठी पुन्हा खुले केले आहेत.

काओरच्या खाली दरी रुंदावते, वळणांच्या आतल्या गाळजमिनीवर द्राक्षमळे दिसतात आणि व्हिलनव्ह-स्युर-लॉतच्या परिसरात सुकवण्याच्या आलुबुखाऱ्याच्या बागा लागतात. नदीला सर्वाधिक पाणी हिवाळ्यात असते व ऑगस्टच्या सुमारास ती सर्वांत रोडावते. तेव्हा वरच्या जलाशयांतून पाणी सोडून खालचा प्रवाह राखला जातो.