दूरस्थ बेटांवरील वसंतारंभीच्या पक्षिनोंदी

हिवाळा सरत असताना दूर समुद्रातल्या बेटांवर परतणारे, वाटेत क्षणभर टेकणारे पक्षी आणि किनाऱ्यावर येणारे सीलसारखे प्राणी यांची रोजच्या रोज ठेवलेली टिपणे. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण मार्चच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. दक्षिणेत तो ऑगस्टअखेर सुरू होतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या मॅक्वारी बेटावर तेव्हा हत्ती-सीलचे नर माद्यांच्या आधी किनाऱ्यावर ठाण मांडतात.

अशा कामाला बेट सोयीचे, कारण ते लहान असते. बहुधा झाडी विरळ, आणि समुद्रावरून थकून आलेल्या पक्ष्याला उतरायला तेवढीच जमीन. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँडवर हाइनरिश गेटके १८३७ मध्ये आला आणि पुढची अनेक दशके तिथले स्थलांतर टिपत राहिला. १९१० मध्ये तिथे पक्षिकेंद्र उभे राहिले. बेटाच्या नावाने ओळखला जाणारा सापळाही तिथलाच: झुडपांवर उभारलेला जाळीचा रुंद बोगदा, आत जावे तसा निमुळता होणारा, टोकाला काच लावलेली पेटी. पक्षी उजेडाकडे झेपावतो आणि पेटीत येतो. त्याच्या पायात क्रमांकाची हलकी कडी घालून, वजन-माप घेऊन त्याला लगेच सोडतात. वेल्सजवळच्या स्कोकहोमवर रोनाल्ड लॉक्लीने १९३३ मध्ये ब्रिटनमधले पहिले असे केंद्र सुरू केले. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामधल्या फेअर आइलवर ते १९४८ मध्ये आले.

मार्चमध्ये टिटव्या, चंडोल, कुरव दिसू लागतात. पण निरीक्षक खरी वाट पाहतात ती व्हीटइअरची. गप्पीदासाच्या कुळातला, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा हा पक्षी सहारापलीकडून येतो. दगडी कुंपणावर तो सरळ ताठ बसतो, आणि उडाला की शेपटीच्या बुडाचा पांढराशुभ्र भाग लखकन दिसतो. पफिन हे समुद्रपक्षी थेट जमिनीवर येत नाहीत. आधी किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्यात थवा करून तरंगतात, एखाद्या सकाळी कड्यावर उतरतात आणि पुन्हा काही दिवस गायब होतात. बिळात घरटी करणारे मँक्स शिअरवॉटर हे समुद्रपक्षी येतात ते रात्री, तेही गडद अंधारात. जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही आणि चांदण्यात मोठे कुरव त्यांना टिपतात. बिळाची त्यांची ओढ विलक्षण. १९५२ मध्ये स्कोकहोमवरून बोस्टनला नेऊन सोडलेला एक पक्षी साडेबारा दिवसांत अटलांटिक ओलांडून परतला.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर ही वाट पाहणे लोकजीवनातच मुरले आहे. तिथला राष्ट्रीय पक्षी, लांब लाल चोचीचा ऑयस्टरकॅचर, १२ मार्चला परततो असे मानतात आणि तो दिवस साजरा होतो.

‘पहिला दिसला’ ही तारीख सर्वांना आवडते, पण एकटी ती फसवी असते. वारा पूर्वेचा, त्यात पाऊस किंवा धुके असले की वाट चुकलेले पक्षी एका रात्रीत शेकड्यांनी बेटावर उतरतात; वारा फिरला की तेच बेट ओस. म्हणून मोल आहे ते ठरलेल्या वाटेने रोज घातलेल्या फेरीला. धुक्यामुळे फेरी झालीच नाही तर तसेच लिहायचे, शून्य लिहायचे नाही. हा फरक पाळला नाही तर पुढची सगळी आकडेमोड बिघडते. संध्याकाळी केंद्रात सारे एकत्र बसतात, एकजण जातींची यादी क्रमाने वाचतो, प्रत्येकजण आपला आकडा सांगतो आणि वही भरते. मार्च २०१९ मध्ये फेअर आइलच्या केंद्राची इमारत आगीत जळाली. जुन्या नोंदी त्याआधीच संगणकावर उतरवल्या होत्या, म्हणून वाचल्या.

सस्तन प्राण्यांच्या नोंदी तुलनेने थोड्या. राखाडी सीलचे नर या दिवसांत खडकांवर पडून केस गाळतात. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटसमूहातल्या हिर्टा बेटावर सोए जातीच्या मेंढ्या एप्रिलमध्ये वितात. तिथे १९८५ पासून एकेका मेंढीचा माग ठेवला जातो.

बेटावरची सुबत्ता किंवा संकट या वह्यांत लवकर उमटते. इंग्लंडजवळच्या लंडी बेटावरून उंदीर हटवल्यावर शिअरवॉटरची बिळे पुन्हा भरू लागली. उलट २०२१-२२ च्या बर्ड फ्लूनंतर ब्रिटनमधल्या मोठ्या स्कुआ या समुद्रपक्ष्यांची संख्या सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. मार्चअखेर ते परततात तेव्हा माळावर कोणकोणत्या जागा यंदा रिकाम्या राहिल्या, हेही आता तितक्याच काळजीने टिपले जाते.