स्वयंपाकघरातल्या धुराला वाट कशी मिळत गेली

मराठवाड्यातलं माझं आजोळ धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराचं. चुलीच्या वर या छताला, माळवदाला, वीतभर भोक ठेवलेलं असे. त्याला कुठे साणं म्हणतात, कुठे सवणं, कुठे धारं. सकाळी त्यातून उन्हाचा कवडसा उतरायचा आणि त्या उजेडात धूर वर चढताना दिसायचा. आभाळ भरून आलं की ‘साणं झाका रे!’ अशी हाक यायची. आम्ही पोरं शिडीने वर जाऊन भोकावर पत्रा आणि त्यावर दगड ठेवत असू. मग धुराला वाटच उरत नसे. खाली आजी कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकणीने फुंकत बसलेली, डोळ्यांना पदर लावलेला.

कोकणातल्या कौलारू घरात भोकाची गरज नव्हती. धूर कौलांच्या फटींतून झिरपून जाई. त्या धुराचा उपयोगही होता. वासे काजळीने काळे होत, पण त्यांना कीड कमी लागे. चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसंही त्यामुळेच टिकत. म्हणजे जुन्या घरांत धूर घराबाहेर जाण्याची सोय होती, पण ती छताच्या उंचीवर. चुलीपासून छतापर्यंतच्या त्याच्या वाटेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचं तोंड येतं, याचा विचार घर बांधणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

तो विचार पुढे वर्ध्यात झाला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं मगनवाडीत होतं आणि तिथेच धुराड्याची ‘मगन चूल’ घडली. पन्नाशीच्या दशकात हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा प्रसार केला. या चुलींचं तत्त्व साधं आहे. जाळ बंद पोकळीतून फिरवायचा, एकाहून जास्त भांडी तापवायची आणि उरलेला धूर उभ्या नळीने छतावर सोडायचा. नळीतली हवा गरम असली की ती वर चढते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढून घेते. नळी आखूड पडली, वाकली किंवा काजळीने भरली की ही ओढ संपते आणि धूर परत घरात येतो.

धूर किती घातक, हे आकड्यांत यायला १९८० चं दशक उजाडलं. अमेरिकी संशोधक किर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी छोटी यंत्रं लावली. चुलीपाशी घनमीटरमागे सरासरी ७ मिलिग्रॅमच्या आसपास कण सापडले. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या.

त्यातल्या फार थोड्या टिकल्या, आणि कारणं स्वयंपाकघरातच होती. नळीसाठी पाडलेल्या भोकातून पाऊस गळे. काजळी काढायला छतावर कोण चढणार? चुलीचं तोंड लहान, म्हणून लाकडं बारीक फोडावी लागत. ते कामही बाईच्याच गळ्यात. आणि भाकरी! तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यापुढे उभी करून फुगवायची असते. ज्या चुलीत त्याला जागा नाही ती आमच्याकडे चालणारच नव्हती. मला तर वाटतं, आराखडा काढण्याआधी दहा घरांत नुसतं बसून भाकरी खाल्ली असती तरी पुष्कळ चुका टळल्या असत्या. पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे आनंद कर्वे यांनी १९९६ साली उभारलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, साच्यातून काढलेली सिमेंटची ‘लक्ष्मी’ चूल दिली. साचा असल्यामुळे प्रत्येक गवंड्याच्या हातून वेगळी चूल होण्याचा प्रश्न बराच सुटला.

शहरात इंधनच बदललं. चाळीत कोळशाची शेगडी गॅलरीत पेटवायची आणि धूर सरला की आत आणायची. मग रॉकेलचे स्टोव्ह आले. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा-शेलचा ‘बर्शेन’ गॅस आला. लाकडाचा धूर गेला, पण फोडणीचा राहिला. मिरचीचा ठसका आणि तेलाची वाफ बंद फ्लॅटमध्ये कोंडू लागली, म्हणून आधी खिडकीच्या वरच्या तावदानात एक्झॉस्ट फॅन आणि मग ओट्यावर चिमणी. एक गोष्ट आवर्जून सांगते: चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दारं-खिडक्या घट्ट लावून ती नीट ओढत नाही. आणि बाहेर पाइप नसलेली चिमणी तेल आणि वास थोडाफार अडवते. गॅस जळून झालेली वाफ आणि वायू घरातच परत सोडते.

गावात मात्र चूल आहेच. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास निम्म्या घरांचा स्वयंपाक सरपणावर होता. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून सिलिंडर पोचले, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत चुलीवरच होते. आजोळचं माळवद पाडून मामाने स्लॅब टाकला तेव्हा साणं गेलं. नव्या स्वयंपाकघरात ओटा आणि गॅस आहे. चूल मामीने मागच्या पडवीत मांडली, तीन बाजूंनी उघडी, आणि पाऊस तिरका आला की ती आधी भाकरीचं पीठ उचलते.