रायगडावरील शिवोत्सव

रायगडावरील शिवोत्सव : छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ रायगड किल्ल्यावर (ता. महाड, जि. रायगड) उन्हाळ्यात भरणारे लोकोत्सव. आज त्यांत दोन दिवसांना महत्त्व आहे. चैत्र पौर्णिमा म्हणजे महाराजांची पुण्यतिथी. शके १६०२ मध्ये, ३ एप्रिल १६८० रोजी, याच गडावर त्यांचे निधन झाले. दुसरा दिवस राज्याभिषेकाचा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी किंवा तारखेने ६ जून.

उत्सवाचे मूळ समाधीच्या हलाखीत आहे. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागून रायगड घेतला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणशीबाई तेव्हा गडावर होती. आगीत वाडे जळाले, पुढे गडावरचा राबता सरला आणि समाधीभोवती झाडोरा माजला. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा प्रसिद्ध केला, तरी समाधीच्या दुरवस्थेची चर्चा वाढली ती जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये तिचे वर्णन छापल्यावर. सरकारने दखल घेतली खरी, पण देखभालीसाठी मंजूर केले वर्षाला ५ रुपये. एवढ्यात त्या काळीही काय होणार होते, असा प्रश्न पडतो. १८९५ मध्ये ‘केसरी’ने हा विषय लावून धरला. ३० मे १८९५ रोजी पुण्यात हिराबागेत सभा भरली, समाधीच्या दुरुस्तीसाठी निधी जमू लागला आणि लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ आकाराला आले. गडावरचा पहिला उत्सव १५ एप्रिल १८९६ रोजी झाला.

तो पुण्यतिथीचा उत्सव नव्हता. महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीयेचा, असे तेव्हा मानले जाई आणि त्या वर्षी ही तिथी एप्रिलच्या मध्यावर आली होती. म्हणजे जन्म, राज्याभिषेक आणि निधन हे तिन्ही दिवस त्या वेळच्या समजुतीने चैत्र ते ज्येष्ठ या तीन महिन्यांत येत. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणे, टिळकांच्याच हाती आली आणि त्यांनी ती १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही आजची सरकारमान्य तारीख त्याच नोंदीवर उभी आहे. ज्यांनी वैशाखात जन्मोत्सव सुरू केला, त्यांनीच तो उन्हाळ्यातून बाहेर काढणारा कागद उजेडात आणला! तिथी-तारखेचा वाद अजून मिटलेला नाही, पण त्याचे खरे रणांगण रायगड नसून राज्यभरची शिवजयंती आहे.

१८९७ मध्ये प्लेगमुळे वैशाखातला उत्सव होऊ शकला नाही. पुण्यात तो जूनमध्ये, राज्याभिषेकाच्या तिथीला साजरा झाला. अफजलखानाच्या वधावरची तिथली भाषणे ‘केसरी’त १५ जूनला छापून आली, २२ जूनला पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. इतिहासाच्या स्मरणोत्सवाचे सरकारला एवढे भय वाटावे, यातच त्याचे राजकीय वजन कळते. जून १९०६ मध्ये कलकत्त्यातही शिवाजी उत्सव झाला आणि त्याला टिळक हजर होते. समाधीचा जीर्णोद्धार मात्र रेंगाळला, तो १९२६ च्या सुमारास पुरा झाला.

आज चैत्र पौर्णिमेचा उत्सव रायगड स्मारक मंडळच भरवते. त्याच दिवशी हनुमान जयंती असल्याने गडावर दुहेरी लगबग असते. समाधीचे पूजन, कीर्तन, इतिहास अभ्यासकांची व्याख्याने, पुरस्कार आणि पालखी असा साधारण क्रम. हा सोहळा त्यामानाने शांत असतो. १२ एप्रिल २०२५ च्या पुण्यतिथीला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा आले, तेव्हा बंदोबस्त वाढला, हे खरे.

राज्याभिषेकाच्या सोहळ्याचा बाज वेगळा. आदल्या सायंकाळपासून माणसे चढू लागतात, होळीच्या माळावर ढोल-ताशे आणि दांडपट्ट्याचे खेळ रंगतात, शाहीर पोवाडे गातात. सकाळी राजसदरेवर अभिषेक होतो, मग पालखी जगदीश्वराच्या मंदिराकडे निघते. येथेही दोन सोहळे होतात, एक तिथीचा आणि एक तारखेचा. वास्तविक ६ जून १६७४ ही ज्युलियन कालगणनेतली तारीख आहे, आजच्या दिनदर्शिकेत तोच दिवस १६ जून ठरतो. तारीखवाल्यांनी याचा फारसा विचार केलेला दिसत नाही, आणि रूढी एकदा पडली की विचारून उपयोगही नसतो. तिथीनुसार ३५० वा राज्याभिषेक दिन २ जून २०२३ रोजी साजरा झाला. २०२१ पासून राज्य सरकार ६ जून ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून पाळते आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींत भगवी गुढी उभारली जाते.

गड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे आणि पायऱ्यांच्या वाटेवर सावली थोडी. पाचाडला जिजाबाईंची समाधी पाहून बरेच जण पहाटेच चित दरवाजाकडून चढाईला लागतात. १९९६ पासून हिरकणीवाडीतून रज्जुमार्ग आहे, पण उत्सवाच्या दिवशी त्याची रांग पायऱ्यांइतकाच घाम काढते. गंगासागर आणि हत्ती तलाव गडावर असले तरी एवढ्या गर्दीच्या पिण्याच्या पाण्याची सोय वेगळी करावी लागते. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असून जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. बाजारपेठेच्या चौथऱ्यांवर आणि जगदीश्वराजवळ गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेल्या पायरीपाशी गर्दीला आवर घालणे, हे काम आता आयोजक आणि पुरातत्त्व खाते दोघांच्याही वाट्याला आले आहे.