स्टॅलियनला मान्यता हवी असेल तर: शिंगरू घेण्याआधी वाचा

ग्राहकहो, नमस्कार.

2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्णपदक जिंकलं. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून युरोपात शिंगरू घेऊन ते तिथल्याच तबेल्यात वाढवण्याची हौस आपल्याकडेही बरीच वाढली आहे. त्यामुळे आम्हाला हमखास येणारा फोन असा असतो: "कोल्ट घेतलाय, बाप मोठा नावाजलेला आहे, तेवढं अप्रूव्हल करून द्या." कोल्ट म्हणजे तरुण नर घोडा आणि अप्रूव्हल म्हणजे तो स्टॅलियन म्हणून, खच्ची न करता पैदाशीला वापरण्याची वंशनोंद संघटनेची मान्यता.

बाप नावाजलेला असणं चांगलंच. पण त्या वर्षीच्या निम्म्या कोल्टांचे बाप नावाजलेले असतात. मान्यता देणारे आधी आईचे कागद काढतात आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

मान्यता कुणाची?

अख्ख्या युरोपाची एकच मान्यता असं काही नसतं. युरोपीय संघाचा 2016/1012 हा नियम 1 नोव्हेंबर 2018 पासून लागू आहे. वंशनोंद कुणी आणि कशी ठेवायची, याची चौकट तो घालून देतो. कुठला घोडा पैदाशीला घ्यायचा, हे मात्र ज्याची त्याची संघटना ठरवते. जर्मनीत हॅनोव्हर, होल्स्टाईन, ओल्डेनबर्ग, वेस्टफालिया आणि ट्राकेनर, नेदरलँड्समध्ये केडब्ल्यूपीएन, बेल्जियममध्ये बीडब्ल्यूपी, फ्रान्समध्ये सेल फ्रान्से, शिवाय डॅनिश आणि स्वीडिश वॉर्मब्लड (युरोपातले खेळासाठी पैदास केलेले घोडे) अशा या संघटना आहेत. एकीने 'हो' म्हटलं म्हणून दुसरी बांधली जात नाही. तिच्याकडे पुन्हा अर्ज करावा लागतो आणि पुन्हा फी भरावी लागते.

पण अर्ज केला तर दारं उघडतातही. कोर द ला ब्रिएर हा स्टॅलियन 1968 साली फ्रान्समध्ये जन्मला आणि त्याने वंश वाढवला तो होल्स्टाईनचा. ग्रिबाल्डी ट्राकेनर होता, त्याला डच केडब्ल्यूपीएनने मान्यता दिली आणि त्याचा मुलगा टोटिलास याने 2010 मध्ये अमेरिकेत केंटकीला ड्रेसाजची तीन जागतिक सुवर्णपदकं नेली.

उलट दिशेने मात्र गाडी चालत नाही. ट्राकेनरची नोंदवही बंद आहे. तिथे बाहेरचं रक्त येतं ते थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात), अरबी आणि त्यांच्यातून आलेल्या मोजक्या वंशांचंच. म्हणून आमचा आग्रह असतो की आधी संघटना ठरवा, मग शिंगरू शोधा.

आईकडची बाजू

सोयरीक जुळवताना आपल्याकडे आजोळ पाहतात, तसंच हे आहे. कोल्टची आई संघटनेच्या नोंदवहीत वरच्या विभागात असावी लागते. तिच्या मागच्या पिढ्याही नोंदलेल्या हव्यात आणि बऱ्याच ठिकाणी आईची स्वतःची कामगिरी चाचणीही झालेली हवी. होल्स्टाईनमध्ये तर घोडींच्या घराण्यांना क्रमांकच आहेत. '104ए' एवढं म्हटलं की तिथला ब्रीडर कान टवकारतो. आईच्या कागदांतली उणीव कोल्टच्या देखणेपणाने भरून निघत नाही, आणि विकणारा ती आपणहून सांगेल अशी आशा ठेवू नका.

प्रत्यक्ष निवड

जर्मनीत कोल्ट साधारण अडीच वर्षांचा असताना, बहुधा हिवाळ्याच्या तोंडाशी, ही निवड होते. तिला 'क्योरुंग' म्हणतात. हॅनोव्हरची क्योरुंग फेर्डनला, ओल्डेनबर्गची फेख्टाला, होल्स्टाईन आणि ट्राकेनर यांची नॉयम्युन्स्टरला होते. डच निवडीची गाजलेली फेरी सेर्टोखेनबॉसच्या स्टॅलियन शोमध्ये असते. या सगळ्याआधी प्राथमिक फेऱ्या होतात आणि बरेचसे कोल्ट तिथूनच घरी जातात.

जर्मन निवडीत लोकांना आवडतं ते स्वाराविना मोकळं जंपिंग आणि हॉलमधली मोकळी धाव. आम्ही मात्र ग्राहकांना सांगतो, फरसबंदीवरची तपासणी नीट बघा. पांढऱ्या कपड्यांतला माणूस कोल्टला हातात धरून कडक जमिनीवर आधी चालवतो, मग ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, पळवतो. समिती समोरून, मागून आणि बाजूने बघत असते. वाळूत खपून जाणारं लंगडणं इथे कानाला कळतं, कारण चार टापांपैकी एक हलकी पडते. पुढचे पाय आत वळलेले असतील तर तेही इथेच उघडं पडतं. दोन वर्षं नालबंदाकडे दुर्लक्ष झालं असेल तर त्याचा हिशेब इथे चुकता होतो.

डॉक्टरी कागद

एक्स-रेत स्टायफल (मागच्या पायाचा वरचा सांधा), हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) आणि फेटलॉक (खुराच्या वरचा सांधा) पाहतात. मुख्य शोध ओसीडीचा, म्हणजे सांध्यातल्या कूर्चेचा किंवा हाडाचा तुकडा सुटलेला आहे का याचा. शस्त्रक्रियेने तुकडा काढला असेल तर ते लपवू नका. घोडा उद्या सुखाने पळेलही, पण समितीला चिंता असते ती पुढच्या पिढीची. घशाची एंडोस्कोपी होते, कारण स्वरयंत्राची एक बाजू लुळी पडली तर घोडा पळताना घोरतो. दोन्ही वृषण खाली उतरलेले हवेत. उत्तेजकांचीही चाचणी होते.

डब्ल्यूएफएफएस या कातडीच्या आनुवंशिक रोगाची जनुकीय चाचणी आम्ही खरेदीच्या आधीच करायला लावतो. तिला आयाळीचे मुळासकट उपटलेले केस पुरतात. दोषाची एकच प्रत असलेला घोडा ठणठणीत असतो. पण आई-बाप दोघेही असे वाहक असतील तर शिंगरात रोग उतरण्याची शक्यता चारात एक, आणि तसं शिंगरू जगत नाही. त्याची कातडीच टिकत नाही. वाहक स्टॅलियन सगळीकडे बाद होतो असं नाही. मात्र घोडीवाले निकाल विचारतात आणि भाव पडतो.

निवडीनंतर

क्योरुंगच्या दिवशी टाळ्या पडल्या की मालकाला वाटतं, झालं. मिळालेली मान्यता खरं तर तात्पुरती असते. पुढे खोगिराखालची कामगिरी चाचणी आहे. जर्मनीत तीन वर्षांच्या घोड्याची 14 दिवसांची चाचणी, नंतर चार-पाच वर्षांचा झाल्यावर क्रीडा चाचणी. स्पर्धांमधले चांगले निकाल काही ठिकाणी या चाचणीच्या जागी चालतात. ठरलेल्या मुदतीत हे झालं नाही तर नोंद जाते. डच मंडळी त्याही पुढे जाऊन संतती तपासतात, आणि शिंगरं मनासारखी नसली तर दिलेली मान्यता काढूनही घेतात.

वीर्य परदेशी पाठवायचं असेल तर पशुवैद्यकीय परवाने वेगळे लागतात. मान्यताप्राप्त संकलन केंद्र, कॉगिन्स चाचणी (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची), व्हायरल आर्टेरायटिस (रक्तवाहिन्यांचा विषाणूजन्य दाह) आणि सीईएम (घोडीच्या गर्भाशयाचा सांसर्गिक दाह) यांच्या तपासण्या हे सारं त्यात येतं. संघटनेच्या मान्यतेत यातलं काहीही धरलेलं नसतं.

आमचं मत

अप्रूव्हल मिळेलच या हिशेबाने किंमत मोजू नका. बहुतेक कोल्ट यात गळतात आणि खच्ची होऊन स्पर्धेत जातात. त्यात कमीपणा नाही, उत्तम स्पर्धक घोड्यांत खच्ची घोडे भरपूर आहेत. म्हणून खच्ची केल्यावरही ज्याच्यावर बसायला आवडेल, असाच कोल्ट घ्या. मान्यतेची हमी देणारा दलाल भेटला तर चहा पिऊन घरी या. अशी हमी आम्हीही देत नाही. आम्ही कागद तपासतो, संघटनेचं सभासदत्व काढून देतो, तयारी करणारा तबेला सुचवतो आणि मुदती सांभाळतो.

फोन करण्याआधी एवढं पाठवा: घोड्याच्या पासपोर्टचं वंशावळीचं पान, 15 अंक-अक्षरांचा यूईएलएन (घोड्याचा आयुष्यभराचा ओळख) क्रमांक, आईच्या नोंदीचा आणि चाचणीचा कागद, असतील ते एक्स-रे, आणि कडक जमिनीवर हातात धरून चालवल्याचा व्हिडिओ. व्हिडिओला संगीत लावू नका, टापांचा आवाज ऐकू आला पाहिजे.